अब्बांचं इंजिन, माझं मिश्रण

३ फेब्रुवारी २००२
चार महिने झाले. अर्धांगाचा झटका आल्यापासून अब्बांच्या तोंडून एक शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, "आता फार आशा धरू नका." अब्बांसमोरच!
जन्मभर दौंडला रेल्वेची इंजिनं दुरुस्त केली, हौसेनं छोट्या इंजिनाचं विमान बनवलं — तो माणूस भिंतीकडं बघत बसतो.

१० फेब्रुवारी
ठरलं. त्यांचं विमान मी उडवणार, त्यांच्यासमोर. हातातल्या तारांना बांधून आपल्याभोवती गोल फिरवायचं. लहानपणी तारांची मूठ धरायला त्यांनीच शिकवलं.
इंधन केलं — मेथॅनॉल, एरंडेल, नायट्रोमिथेन. अब्बा नायट्रो शंभरात पाच घालायचे. मी वीस घातलं. कुरकुंभला रसायनांच्या लॅबमध्ये नोकरी करते, एवढं कळतं — नायट्रो जास्त, तर ताकद जास्त. असा आवाज झाला पाहिजे की अब्बांनी मान वळवावी!

१७ फेब्रुवारी, रविवार
सगळं संपलं.
मांडवगण फराट्याला बाळासोमामांच्या पडीक रानात गेलो. मामा अब्बांचे रेल्वेतले जोडीदार. अब्बांना खुर्चीत बसवलं. पहिले फेरे — काय वेग! मामा ओरडले, "पोरी, पिसाळलंय गं ते!" मग आवाज चिरका झाला. आणि बंद. विमान नाकावर आपटलं. इंजिनाला हात लावला तर बोटं पोळली. पिस्टन जाम.
अब्बांनी डोळे मिटून घेतले.
मामा म्हणाले, "जाऊ दे. यंत्रच हाय ते."
यंत्र! त्यांच्या हातचं शेवटचं.

१८ फेब्रुवारी
कामावर गेले नाही.

२१ फेब्रुवारी
पिस्टन सुटत नाही. नायट्रोनं उष्णता वाढते, हेही मला पाठ होतं. तरी पाचावर थांबले नाही. नुसती ताकद पाहिजे होती! मुक्या माणसाला त्याचीच वस्तू जळताना दाखवली मी.

२३ फेब्रुवारी
अम्मी म्हणाली, "आसमीन, ते ट्रंकेत टाक, त्यांच्या नजरेआड कर." पण अब्बा इंजिन सोडेनात. मांडीवर घेऊन बसलेत. माझ्याकडं बघतसुद्धा नाहीत.

२५ फेब्रुवारी
अब्बा बोलले! "सुई."
अम्मी रडत रडत शिवणाची सुई घेऊन धावली. अब्बांनी चिडून मान झटकली. बोट इंजिनावर टेकवलं — इंधन कमीजास्त सोडणाऱ्या बारीक सुईवर. नायट्रो वाढवलं की ती जास्त उघडायची असते. मी हातच लावला नव्हता. इंधन कमी पडून, तापून जाम झालं होतं ते!
"सुई... उघड... गाढवे."