अस्वलाने दुसऱ्यांदा विचारलं नाही

रविवार, ४ मे. सकाळी ९ वाजून १२ मिनिटे.

ही वेळ मी भिंतीवरच्या घड्याळात बघून नोंदवली आहे. या वेळी, थीम पार्कच्या नाश्त्याच्या हॉलमध्ये, अकरा नंबरच्या टेबलाशी, एका अस्वलाने माझ्या सहा वर्षांच्या नातीचा विश्वासघात केला.

आता दुपारचे तीन. घरी येऊन, चहा घेऊन, शांतपणे लिहिते आहे. पेन दोनदा कागदातून आरपार गेलं, तो कागदाचा दोष.

ठकीच्या वाढदिवसाचा हा नाश्ता. तीन महिने तिच्या तोंडी अस्वलाशिवाय विषय नव्हता. लाल जाकीट घातलेलं ते मोठं अस्वल हॉलमध्ये येतं, प्रत्येक टेबलाशी एकदाच थांबतं, मुलांना जवळ घेतं, फोटो होतो, की पुढे. सोबत वॉकीटॉकीवाली एक मुलगी. आत माणूस असला तरी अस्वल बोलत नाही, सगळं हातवाऱ्यांनी. आमच्या टेबलाशी आल्यावर त्याने गुडघा टेकला आणि दोन्ही हात पसरले. ठकी खुर्चीवरून उतरली, पाय जुळवले आणि स्पष्ट आवाजात म्हणाली की नको, थँक्यू.

अगदी मी शिकवलं तसं. कॉन्व्हेंटात सिस्टरांनी आम्हाला सांगितलं होतं की कुणी काही देऊ केलं तर चांगल्या मुलीने पहिल्यांदा नको म्हणायचं. समोरचा पुन्हा विचारतो, मग घ्यायचं. गेला महिनाभर मी ठकीकडून बिस्किटांवर याची प्रॅक्टिस करून घेतली. एकदाही चुकली नाही पोरगी.

अस्वलाने छातीवर हात ठेवला, मान झुकवली आणि ते बारा नंबरकडे गेलं.

ठकी तशीच उभी. पाय जुळवलेले. दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत. अस्वल तेरा नंबरला पोचलं तेव्हा तिच्या लक्षात आलं. त्यानंतर जो आवाज निघाला तो ऐकून स्वयंपाकघरातली माणसंही बाहेर येऊन बघून गेली. तिची समजूत काढायला पार्कचाच दुसरा वेषधारी, सिंह, आला, तर ती टेबलाखाली.

सुनेने विचारलं की आई, हे हिला कुणी शिकवलं. मी म्हटलं, वळण लावावं लागतं, ते बुफेत मांडून ठेवलेलं नसतं. मुलगा म्हणाला, आई, आत्ता नको.

मुळात बुफे हा प्रकारच असंस्कृत. आग्रह करायला कुणी नाही, तर माणसाने नको म्हणायचं कुणाला. सुनेने एकदा विचारलं की तुम्हाला वॉफल आणू का. मी अर्थातच नको म्हटलं. ती गेली आणि स्वतःपुरतंच घेऊन आली. ठकीच्या ताटलीतल्या अस्वलाच्या आकाराच्या वॉफलचा उरलेला कान मी खाल्ला, तो केवळ अन्न वाया जाऊ नये म्हणून. नंतर दुसरा कानही. मग चेहरा.

संध्याकाळी ६. निश्चय: पार्कला सोडायचं नाही. महिन्याभरात अस्वल स्वतः घरी येऊन ठकीची माफी मागेल.

सोमवार, ५ मे.

पार्कच्या हेल्पलाइनला फोन. सतरा मिनिटं वाजंत्री ऐकवली. मी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सुपरवायझर होते, माझ्या हाताखालच्या कुठल्याही मुलीने कुणाला सतरा मिनिटं लटकवलं नाही. शेवटी एक तरुण आला. म्हणाला, मॅम, मुलीने नको म्हटलं होतं का. मी म्हटलं, तो मुद्दा नाही. तो म्हणाला, मॅम, म्हणजे म्हटलं होतं. मी तक्रार नंबर घेऊन फोन ठेवला. पोरगं वरमलं होतं, आवाजावरून कळतं.

ठकीला फोन दिला नाही सुनेने. झोपली आहे म्हणे. संध्याकाळी साडेपाचला.

बुधवार, ७ मे.

पत्र तयार. तीन पानं. मागण्या दोन: लेखी माफी आणि अस्वलाचा खुलासा. सुनेला फोनवर वाचून दाखवलं, कारण ईमेल तिच्याकडून जातो. ती म्हणाली, आई, तो आग्रह करणार कसा, त्याचं तोंड शिवलेलं आहे. मी म्हटलं, हात होते ना. हात पुन्हा पसरायला काय झालं होतं.

शनिवार, १० मे.

पार्कचं उत्तर आलं. तुमच्या नातीची आम्हाला चांगली आठवण आहे. इतकं नीट नको म्हणणारी मुलगी विरळा. मूल नको म्हणालं की आमची पात्रं मागे सरतात आणि पुन्हा विचारत नाहीत, कारण मुलाचा नकार हा नकारच असतो, हा आमचा नियम आहे. तिला ही सवय ज्यांनी लावली त्यांचं अभिनंदन. आणखी एका सकाळी आमचे पाहुणे म्हणून या.

म्हणजे लेखी शरणागती. अभिनंदन माझंच आहे, नाव घालायचं तेवढं टाळलं. नियम मात्र वेडगळ. पहिला नकार खरा धरायला लागलं तर जगात कुणी कुणाकडे जेवणारच नाही.

दुपारी मुलाचा फोन. पुढच्या शनिवारी परत जातोय, येतेस का. मी म्हटलं, नको रे, तुम्ही जा, माझे गुडघे. तो म्हणाला, बरं आई. आणि ठेवला.

उद्या परत करेल.

रविवार, ११ मे. फोन नाही.

मंगळवार, १३ मे. फोन नाही. रिसीव्हर उचलून बघितला. डायलटोन उत्तम.

गुरुवार, १५ मे. राखाडी सिल्कला इस्त्री करून ठेवली. गुडघे बरे आहेत. मुलाला कामाचा व्याप असतो, उद्या रात्रीपर्यंत विचारेल.

शनिवार, १७ मे. सकाळी ७.४०.

तयार होऊन बसले आहे. लक्षात आलं. ते फोन करणार नाहीत, थेट गाडी घेऊन दारात उभे राहतील. पोरांना सरप्राइजची भारी हौस.

८.३०. ट्रॅफिक असेल.

११.०५. मोबाइलवर फोटो आला. अस्वलाच्या कुशीत ठकी, डोळे मिटलेले, गाल त्या जाकिटात रुतलेला. अस्वलाचा दुसरा हात विहीणबाईंच्या खांद्यावर. सुनेची आई. यांना तिथे कुणी बोलावलं, असं मी सुनेला फोन करून विचारलं. ती म्हणाली, आम्हीच, आणि माझी आई वाक्य संपायच्या आतच हो म्हणाली. विहीणबाईंना वळण ठाऊक आहे ते फक्त रस्त्यावरचं. पुढ्यात त्यांच्या तीन वॉफलं. मी झूम करून मोजली.

केसाने गळा कापला माझा सगळ्यांनी मिळून. पाहुणचार माझ्या पत्रावर मिळालेला. मी सिल्क बदललं नाही, त्यातच वरणभात लावला.

सोमवार, १९ मे.

आज मात्र हद्द झाली. दरवर्षी सुट्टीचे शेवटचे दोन आठवडे ठकी माझ्याकडे असते. एक जूनपासून. वर्षातले ते चौदा दिवस या घरात दोन ताटं मांडली जातात. तिची गादी उन्हात घालून झाली, खिडकीची खोली तिच्यासाठी मोकळी केली. मुलाचा फोन आला की या वेळी ती येत नाही.

कुणी ठरवलं, असं विचारलं. तिनेच, म्हणाला. नेमकं काय म्हणाली, शब्दशः सांग. तो म्हणाला, मी विचारलं, आजीकडे जायचं का. ती म्हणाली, नको, थँक्यू.

मी विचारलं, मग तू पुन्हा विचारलंस का. तो म्हणाला, नाही आई, ती नको म्हणाली ना.

मी म्हटलं, गाढवा, तो पहिला नकार होता. तो म्हणाला, आई, पार्कला येतेस का विचारलं तेव्हा तुझाही पहिलाच होता का. मी म्हटलं, दारावर कुणीतरी आलंय. दारावर कुणी नव्हतं.

मंगळवार, २० मे.

निश्चय: आपण फोन करायचा नाही. चूक त्यांची आहे.

परिस्थितीचा नीट विचार केला. ठकीने मी शिकवलं तेच केलं आहे. ती तिथे उभी आहे, पाय जुळवून, दुसऱ्यांदा कुणीतरी विचारेल म्हणून. आणि त्या घरात एकालाही ते कळत नाही. सरळ आहे सगळं.

दुसरी शक्यता अशी, की तिला खरंच यायचं नाही. ही शक्यता मी तपासली आणि बाजूला ठेवली.

रात्री तिची गादी खोलीतून उचलली. मग परत घातली.

गुरुवार, २२ मे. सकाळी १०.

पत्र लिहिलं. या वेळी एकच पान. ईमेल नाही, सुनेच्या हातून काही जायला नको. स्वतः दोन बस बदलून जाईन, त्यांच्या दारातल्या पेटीत टाकेन, बेल न वाजवता परतेन. नक्कल इथे ठेवते.

चि. ठकीस,

आजीचा आशीर्वाद. एक जूनपासून तू माझ्याकडे येतेस का, हे बाबांनी तुला एकदा विचारलं. मी दुसऱ्यांदा विचारते आहे. हे रीतीप्रमाणेच आहे, त्यात आजीचं काही कमी होत नाही.

तू अस्वलाला नको म्हणालीस तेव्हा तुझं काहीही चुकलं नव्हतं. अस्वलाचंही नव्हतं, असं पार्कवाले म्हणतात. मग कुणाचं चुकलं याची चौकशी चालू आहे.

बिस्किटांची प्रॅक्टिस या सुट्टीत होणार नाही. माझ्याकडे पहिल्याच वेळी हो म्हटलेलं चालतं, हे तुला सांगायचं राहिलं होतं. नको असेल तर तसं लिही, मी तिसऱ्यांदा विचारणार नाही. बहुतेक.

उत्तर तुझ्या हाताने लिहिलेलं हवं. पेन्सिलने चालेल, एका शब्दाचं चालेल, आईबाबांनी सांगितलेलं चालणार नाही. ते शुक्रवार, ३० मे, संध्याकाळी सहाच्या आत माझ्या हाती पडावं.