एक पाय कामाचा, एक पाय मानाचा

माय, तुझ्या खुब्याला काय झालं होतं ते मला आता नीट माहीत आहे. तुझ्या खुब्याची वाटी जन्मापासूनच उथळ होती. मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात बसायचा नाही, वर सरकून राहायचा, म्हणून तो पाय आखूड. गावात त्याला नुसतं लंगडणं म्हणत. तू हसून म्हणायचीस, एक पाय कामाचा, एक पाय मानाचा. हट्टा गावच्या आपल्या घरात मी भिंतीकडं तोंड करून अभ्यास करतोय आणि मागून तू येतेस, एक पाऊल जड, एक घासत. मला वळून बघावं लागत नाही.

कुठंही पंगत असली की तू वाढायला उभी. वरणाची बादली घेऊन पार शेवटच्या पानापर्यंत. बाया म्हणायच्या, वाढण्यात हिचा हात कुणी धरणार न्हाई. अगं, तुला मांडी घालता येत नव्हती एवढंच! चारचौघांत पाय पसरून बसायचं नाही म्हणून तू उभी राहायचीस आणि लोक कौतुक करायचे. मीही त्यांच्यातच होतो. अक्काच्या लग्नात मात्र झाकलेलं उघडं पडलं. कन्यादानाला तू पाटावर बसून पाहिलंस, बसता येईना, आणि तुझ्या नि बाबांच्या जागी चुलता-चुलती बसले. तू मांडवाचा खांब धरून उभी होतीस. त्याचा राग मला अजून येतो. कुणाचा ते सांगता येत नाही.

ती उथळ वाटी अक्कालाही आली, आणि वाढायला उभं राहणंही आलं. तिच्या लेकीचं लग्न ठरलं तेव्हा ती माझ्याकडं नांदेडला आली. मी सांधा बदलण्याचं सगळं समजावून सांगत बसलो. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"मला तुझ्या लोखंडातलं काही कळत न्हाई," ती म्हणाली. "मला पाटावर बसायचंय."

मी हेच काम रोज करतो, पण सख्ख्या बहिणीवर हात चालत नाही. शस्त्रक्रिया सोबतच्या डॉक्टरांनी केली, मी संगणकाच्या पडद्यापुढं उभा राहिलो. आता हाडात पिना बसवून त्यांच्यावर चमकते गोळे लावतात. कॅमेरा ते बघतो आणि नवी वाटी किती उभी, किती पुढं कललेली, पाय किती लांब झाला, हे पडद्यावर दिसत राहतं. वाटीचा कल चुकला तर खाली बसताना मांडीचा गोळा वाटीतून निसटू शकतो. अक्काचं हाड इतकं बिघडलेलं की नुसत्या नजरेवर भरवसा ठेवता येत नव्हता. शिवाय यंत्राला माणूस झोपलेला दिसतो, पाटावर बसलेला नाही. म्हणून तिचे उभ्यानं आणि बसून असे एक्सरे आधीच काढले होते, आणि बसल्यावर तिची कंबर किती मागं कलते ते धरून वाटीचा कल ठरवला होता. वाटी ठोकताना जरा सरकली. मी तेवढं सांगितलं, त्यांनी ती पुन्हा बसवली. दोन्ही पाय बराबर झाले तेव्हा मी आकडा वाचून दाखवला आणि हात धुवायला गेलो.

लग्नात अक्का पाटावर बसली. चांगली मांडी घालून, दाजींच्या शेजारी. लोक नवरा-नवरीकडं बघत होते, मी तिच्या गुडघ्याकडं. विधी होईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. ती उठली, कुणाचा हात न धरता उठली, तेव्हा मी मांडवाबाहेर जाऊन एकटाच उभा राहिलो. थोड्या वेळानं मागून कुणीतरी आलं. सरळ, सारखी पावलं. असेल कुणी पाहुणी, म्हणून मी वळलो नाही.

"काहून रे, बहिणीला वळखत न्हाईस व्हय?"

काम बराबर झालं, त्यात कसर नाही. अक्का खूश आहे, मीही आहे. पण माय, तू गेल्यावरही तुझं चालणं तिच्या पायात उरलं होतं, आणि मी आकडा वाचत असताना ते संपलं. हे तिला सांगणार नाही, आणि हा कागद धाडायला तुझा पत्ता नाही. फक्त अजूनही मागून कुणी आलं की मी लगेच वळत नाही. आधी ऐकतो.