भावंडांना कळवावे

कर्वेनगर, पुणे
मंगळवार, १४ ऑगस्ट २०१२

दादा,

नमस्कार. 'तीर्थरूप' लिहायचा रिवाज आहे, पण यंदा जमणार नाही. तू कुशल असशीलच, दरवर्षी तपासून घेतोस. शनिवार पेठ इथून रिक्षाने वीस मिनिटं. तरी पत्र लिहिते आहे, कारण फोन तू ठेवून देतोस आणि समोरासमोर भांडायला मला दम पुरत नाही.

माझी खबर अशी. डाव्या फुप्फुसाचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले. मार्चमध्ये उजवीकडच्या दोन गाठी काढल्या होत्या, या वेळी डावीकडची एक. बरगड्यांमधली नळी पाचव्या दिवशी निघाली. तीन चेंडूंचं प्लास्टिकचं यंत्र दिलंय. श्वास आत ओढून चेंडू वर उचलायचे. दोन वर जातात, तिसरा ढिम्म हलत नाही. सर्जन सरळ माणूस आहेत. म्हणाले, "आतड्याचा कॅन्सर फुप्फुसात गेला की ऑपरेशनचा सगळ्यांनाच उपयोग होतो असं नाही. तुमच्या गाठी मोजक्या आहेत, बाकी कुठे काही दिसत नाही, म्हणून काढू. आयुष्य किती वाढेल ते मी सांगू शकत नाही." मी म्हटलं, काढा. राजनंदिनीचं लग्न डिसेंबरात आहे.

मार्चमध्ये हेमावहिनी मोसंबी घेऊन हॉस्पिटलात आली होती. मला धीर द्यायला म्हणाली, "घाबरू नका वन्सं. ह्यांच्याही आतड्यातले कोंब, पॉलिप म्हणतात ते, सात वर्षांपूर्वी काढले. दरवर्षी दुर्बीण घालून बघतात, ठणठणीत आहेत." तिला वाटत होतं मला ठाऊक आहे. मला तर तू दरवर्षी मणका दाखवायला जातोस एवढंच ठाऊक होतं.

फोनवर विचारलं तेव्हा म्हणालास, डॉक्टरांच्या चिठ्ठीत 'भावंडांना कळवावे' असं होतं खरं, पण लेकीचं, शर्मिलाचं लग्न ठरत होतं, गोष्ट बाहेर गेली असती. आणि फोन ठेवलास.

बाहेर म्हणजे माझ्याकडे. आप्पा एक्कावन्नाव्या वर्षी 'पोटाच्या विकाराने' गेले हे तुला माहीत, तुझ्या आतड्यात काय निघालं ते माहीत, आणि तुला बहीण एकच. तुझे कोंब निघाले त्या वर्षी मी सत्तेचाळीसची होते. तेव्हा तपासलं असतं तर कदाचित कोंबावर भागलं असतं. पाच वर्षांनी आतडं कापावं लागलं. शर्मिलाच्या लग्नात मी पाच दिवस राबले, रुखवत मी मांडलं. पंगतीत तू मला आग्रह करकरून जिलबी वाढलीस. तेव्हा ती चिठ्ठी कुठे होती, खिशात की कपाटात?

परवा इथपर्यंत लिहून सही केली होती. मग फाडलं, कारण पुढचं त्यात नव्हतं.

जुलैत ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी फाइल चाळत विचारलं, मुलीची तपासणी झाली ना, मार्चमध्येच सांगितलं होतं. राजनंदिनी शेजारी बसली होती, खराडीच्या ऑफिसातून अर्धी रजा टाकून आलेली. मार्चमध्ये खरंच सांगितलं होतं त्यांनी. हा घराण्यात उतरणारा प्रकार आहे, तिला लगेच दाखवा, म्हणून. मी तिला सांगितलं नाही. मेमध्ये साखरपुडा होता.

परतताना गाडी म्हात्रे पुलाजवळ आल्यावर तिने विचारलं, "तुला कधी कळलं?"

मी म्हटलं, मार्चमध्ये.

"आणि मामाला?"

तेही सांगितलं.

"मग मामावर कशाला चिडतेस? शोभता दोघं."

चार दिवस तिने जेवण दिलं, गोळ्या दिल्या, पण शब्द काढला नाही. तपासणीला एकटी गेली. दोन कोंब निघाले, ते काढले. साधे होते. वय सत्तावीस, दादा. मग होणाऱ्या नवऱ्याला स्वतः जाऊन सांगून आली. तो आहे तिथेच आहे. त्याच्या आईचा फोन मात्र त्यानंतर आलेला नाही. आता ती माझ्याशी बोलते, कामापुरतं.

म्हणून तू सुटलास असं समजू नकोस. माझ्या चार महिन्यांचं मी तिच्यासमोर रोज भरते आहे. तुझ्या सात वर्षांचंही मीच भरते आहे, दोन्ही बाजूंना टाके घालून.

वहिनीला विचारलं. तुझ्या दोन्ही मुलांना, शर्मिला आणि अभिनवला, अजून काही माहीत नाही. शर्मिला आता दोन मुलांची आई आहे. रविवारपर्यंत तू सांग, तुझ्या तोंडाने. सोमवारी सकाळी मी दोघांना फोन करणार. तू सांगितलेलं असलं तर फक्त तब्येत विचारेन. नसलं तर सगळं सांगेन, माझे चार महिनेसुद्धा.

राखीपौर्णिमेला अंथरुणातून उठवत नाही असं वहिनीला कळवलं होतं. उठवत होतं.

मला बघायला येऊ नकोस. लहानांना आशीर्वाद, असं शेवटी लिहितात. तुझ्या लहानांना या वेळी आशीर्वाद नकोत, तपासणीची तारीख घेऊन दे.

वासंती