बांगड्या रुतायचे दिवस

आई, परवा दुपारी तुझी सून असं काही बोलली की तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. जिच्यासाठी मी कॉलेज अर्ध्यावर टाकून नागावला परतलो, तीच ही. दोन दिवस धुमसत होती. कपाळ ठणकतंय म्हणाली, वाढता वाढता रडली, शेवटी कालवणाचं भांडं आपटलं. मी किती लवकर भडकतो ते तुला ठाऊक. ओरडलो, "तुला बाधा झालीय. भगताला बोलावतो." तिने मनगट पुढे केलं. "बोलवा की. बांगड्या रुतायला लागल्यात, म्हणजे आठवड्याच्या आत मी बाहेर बसणार. बसले की आपोआप उतरतं. नारळ तेवढा तुमच्या भगताला."

मला तुझं मनगट आठवलं. चुलीपाशी बसून तू साबण लावून बांगड्या सैल करते आहेस. पाय सुजलेत, चोळी सोसवत नाही, कुणी नुसती हाक मारली तरी अंगावर जातेस. बाबा म्हणतात, "धरलं हिला परत." भगत येतो, मिरच्यांची धुरी देतो, तू खोकून खोकून लाल होतेस. मग दोन-चार दिवसांत मागच्या पडवीत बाहेर बसतेस आणि चौथ्या दिवशी न्हाऊन आत येतेस ती हसत. बाबा ओटीवर ऐटीत सांगतात, "उतारा लागू पडला." दर महिन्याला लागू पडायचा आणि दर महिन्याला तुला परत धरायचं. गाभण गाईचे दिवस ज्या घरात बोटांवर मोजले जायचे, तिथे तुझे कुणी मोजले नाहीत. मीही नाही, आणि मी तर शिकलेला.

तू एकदा मला म्हणाली होतीस, "धुरी नको रे, नुसतं पडू द्या मला." मी उठून ओटीवर निघून गेलो. त्या दिवसांत मला तुझी भीती वाटायची. आता तू जाऊन बारा वर्षं झाली, हा कागद चुलीतच जाणार.

ओटीवरून बाबा हाका मारतायत, भगत आलाय. परवा रागाच्या भरात त्याला निरोप मीच धाडला होता, हे तिला अजून सांगितलेलं नाही. ती भिंतीकडे तोंड करून पडली आहे. मी उठतो, नारळ देऊन भगताला ओटीवरूनच परत धाडायला बाहेर जातो आणि तिच्या खोलीचं दार माझ्यामागे ओढून घेतो.