कठोर, पण क्रूर नाही

प्रिय ठेंगू,

आता तू न्यायमूर्ती. पण दुसऱ्या कुठल्या नावाने तुला पत्र लिहायला हात धजत नाही. माझ्या अशिलाच्या अपिलावरचा तुझा निकाल मी तीनदा वाचला. दोन विरुद्ध एक, आणि त्या दोघांतली एक तू. 'शिक्षा कठोर आहे, पण संविधानाने मनाई केलेल्या अर्थाने क्रूर नाही.' वाक्य तुझंच, स्वल्पविरामावरूनच ओळखलं.

जिन्याखालच्या आपल्या वकिलीच्या ऑफिसात एकच टेबल होतं, समोरासमोर बसलो की गुडघे आपटायचे. तिथेच एकदा भांडता भांडता तू म्हणालीस, गुन्ह्याच्या मापाबाहेरची शिक्षा हा सरकारने केलेला गुन्हा. तू न्यायाधीश होऊन गेलीस, त्यालाही बारा वर्षं झाली. तेव्हापासून ते वाक्य मी कोर्टाकोर्टांत माझं म्हणून खपवत आले.

माझा हा अशील कुलपं दुरुस्त करणारा. त्याने तीन चोऱ्या केल्या, पण कुणाला बोटही लावलं नाही. तिसऱ्या वेळी बांधकामावरचं ड्रिल मशीन उचललं. कायदा म्हणतो, तिसऱ्या चोरीला मरेपर्यंत तुरुंग. त्याची मुलगी चौथीत आहे. निकालात तू मशीनचं वजनसुद्धा नोंदवलंस, मुलीचा मात्र एका शब्दाने उल्लेख नाही. तुझं मत बदललं असेल, तर माझं भांडण नाही. पण सुनावणीत मी तुझंच वाक्य म्हटलं, तेव्हा तू माझ्याकडे बघून किंचित मान हलवलीस. मी वेडी, त्याला होकार समजले.

काल तुरुंगात जाऊन त्याला निकाल सांगितला. जाळीपलीकडून तो हळूच म्हणाला, "वकीलबाई, त्या तुमच्या मैत्रीण ना? त्या आहेत म्हणजे काळजी नको, असं तुम्हीच म्हणाला होतात." मी फाइल आवरायला लागले. शेवटी तोच म्हणाला, "निघा तुम्ही, बस चुकेल."

तुला माहीत नाही ते आता सांगते. सुनावणीआधी सरकारी वकील तडजोडीला तयार होते: अपील मागे घ्या, आठ वर्षांत सोडू. माझा अशील ते मान्य करायला निघाला होता. मीच त्याला अडवलं, कायद्याच्या भरवशावर नाही, तुझ्या भरवशावर. उद्या हे सगळं मी प्रतिज्ञापत्रावर लिहून देणार आहे. निदान ती आठ वर्षं तरी त्याला पुन्हा मागता यावीत. माझी वकिलीची सनद बहुधा जाईल. आपली मैत्री लपवून तू त्या खटल्यात बसलीस, हेही त्यात येईल. मीही गप्प बसले, तेही. ते तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये, एवढ्यासाठी हे पत्र.

अजून तरी तुझीच,
उंटीण