एका छकड्यावर दोन बंदुका

७ सप्टेंबर, रविवार

सराव बरा झाला. शेवटचे छर्रे मनासारखे गेले, आधीच्यांचं नाव काढायला नको. रशीदभाई (पुढं र.भाई, पूर्ण लिहायला हात दुखतो) हातपंपानं बंदुकीच्या नळकांड्यात हवा भरून घामाघूम. म्हणाले, "ह्या वयात बंदुकीत हवा भरावी का आपल्यातच भरून घ्यावी, सांगा."

येताना छकड्याच्या डाव्या चाकाला तेल दिलं. छकडा त्यांनीच बनवलेला, देगलूर नाक्यावरच्या सायकल दुकानात. लेकरांच्या सायकलची दोन बारकी चाकं, लोखंडी सांगाडा, वर ट्रॅक्टरच्या सीटचं रेक्झिन. दोघांच्या बंदुकीच्या पेट्या, जाडजूड जाकिटं, विजारी, बूट, पंप, स्टूल, डबा... सगळं बिऱ्हाड त्याच्यावर. परवा एसटीच्या कंडक्टरनं विचारलं, काका, बँड कुणाच्या लग्नाला. र.भाई म्हणाले, नवरदेव मागं बसलाय, अन् माझ्याकडं बोट.

आमचा रिवाज असा की मॅचला ज्याची बारी आधी, त्यानं छकड्याला हात लावायचा नाही. दुसऱ्यानं ओढायचा. ओझं ओढलेला हात किती तरी वेळ थरथरतो, आणि उभ्यानं बंदूक धरायची तर हात तळ्यातल्या पाण्यागत पाहिजे. कधी कुणी बोलून ठरवलं नाही. पहिल्याच मॅचला मी ओढला, पुढच्या वेळेला त्यांनी. तसंच चालत आलं.

डोळ्याचं आज सांगितलं. काचबिंदू, उजवा. डॉक्टर म्हणतो हा हंगाम खेळा, पुढचं सांगता येत नाही. गिऱ्हाइकाला पंक्चर सांगावं तसं सांगितलं. मी चहा मागवला.

८ सप्टेंबर

र.भाईंचं बोलणं मनात घोळतंय. त्यांना पुण्याला राज्याच्या मॅचला एकदा उभं राहायचंय. तिथं टार्गेटला कागद नसतो म्हणे, छर्रा लागला की पडद्यावर ठिपका उमटतो. "डोळा हाय तवर आपला ठिपका बघून घेतो," एवढंच म्हणतात. माळेगावच्या जत्रेत फुगे फोडून सुरू झालेलं आमचं खूळ. फुगेवाल्याच्या बंदुका दुरुस्त करायला हेच बसायचे, मी एसटी वर्कशॉपातून सुटलेला रिकामा माणूस तिथं उभा. कुठून कुठं आलं.

लातूरची मॅच २८ ला. तिथं मार्क चांगले पडले तर पुणं.

१४ सप्टेंबर, रविवार

विकास आला पुण्याहून, एका दिवसापुरता. पाठीवरची बॅग आणली माझ्यासाठी. काळी, भक्कम, कमरेला पट्टा, छातीला पट्टा, बंदूक उभी बसायला वेगळा कप्पा. पोरगं आठवणीनं आणतं. म्हणाला, पप्पा, ते गाडं ओढत फिरता, लोक बघतात.

घालून अंगणात फिरलो. विकासची आई सुमन दारात उभी राहून बघून राहिली होती. "गोगलगाय दिसते बघा," म्हणाली. मग आत जाता जाता, "रशीदभाईला दाखवली का?"

नाही दाखवली अजून.

२१ सप्टेंबर, रविवार

दाखवली. त्यांनी शिवण ओढून बघितली, चेन उघडझाक केली. कारागिराचा हात तो, आधी टाक्यावर जातो. "मजबूत हाय. पोरानं पैशाकडं बघितलं न्हाई." मग म्हणाले, मग आता छकड्यावर जागाच जागा. हसले. मीही हसलो.

आज सरावाला मी बॅग घेऊनच गेलो. खरं सांगायचं तर हलकं वाटलं. दोन्ही हात मोकळे, फाटकातून सरळ आत. ते मागून छकडा घेऊन आले.

२७ सप्टेंबर

उद्या लातूर. याद्या फोनवर आल्या. र.भाईंची बारी पहिली, माझी दुसरी. सुमननं धपाटे बांधून ठेवलेत, दोघांचे. ढग आहेत.

२८ सप्टेंबर, रविवार

रात्री घरी गेल्यावर काही लिहवणार नाही, म्हणून बसमध्येच लिहितोय. अक्षर हलणार.

मी पास. पुण्याला जाणार. र.भाई थोडक्यात राहिले.

पहाटेची एसटी, छकडा डिकीत, बॅग माझ्या मांडीवर. लातुरात काल पाऊस दणकून पडलेला. रेंज म्हणजे गावाबाहेर कापसाच्या जुन्या जिनिंगच्या मागचं पत्र्याचं शेड. रिक्षावाल्यानं फाटकाशीच उतरवलं. तिथून शेडपर्यंत सगळी काळी माती, लोण्यासारखी.

मी बॅग चढवली, पट्टे आवळले आणि चालू लागलो. उदगीरकडची दोन पोरं सोबत होती. बॅग कुठून घेतली, किती वजन बसतं, विचारत होती. मी सांगत होतो. सांगायला गोड वाटत होतं.

शेडच्या दारातून मागं बघितलं. र.भाई लांब, वाकलेले. काळी माती बारक्या चाकांत भरून चाक फिरायचं बंद झालेलं. काडीनं माती काढायची, चार पावलं ओढायचं, पुन्हा काढायची. असं आधीही झालंय, पण तेव्हा एक जण ओढायचा आणि दुसरा मागून माती काढायचा.

मला वाटलं, येतील. माझं सामान तर वर नाही, अर्धाच भार आहे. ओझं वेगळं झालं तसा रिवाजही सुटला, असं मी धरूनच चाललो. आत जाऊन जाकीट झटकत बसलो.

ते आले तेव्हा पुकारा झालेला. गुडघ्यापर्यंत चिखल. बूट बदलायला खाली वाकले तर नाडी बांधता येईना, बोटं अशी नाचत होती. मी पुढं झालो. म्हणाले, राहू द्या.

पहिले छर्रे सगळे पसरले. मी मागं खुर्चीवर. बंदुकीची नळी बघत होतो, कागदाकडं बघवेना. पुढं पुढं हात बसला, शेवटी तर सुरेख मारले. पण सुरुवातीचं भरून निघालं नाही.

माझी बारी झाल्यावर त्यांनीच आधी येऊन हात हातात घेतला. मुबारक म्हणाले. आत्ता शेजारी बसलेत. खिडकी मला दिलीय. अहमदपूर गेलं. शेंगा सोलून माझ्या हातावर ठेवतायत.

२९ सप्टेंबर

सुमननं विचारलं, मार्क कसे पडले. सांगितलं. "आणि रशीदभाई?" सांगितलं. "छकडा कुणी ओढला?"

बाईला कसं कळतं.

५ ऑक्टोबर, रविवार

सरावाला आले नाहीत. दुकानात गर्दी असेल. सणाचे दिवस, पोरं सायकली काढतात.

१२ ऑक्टोबर, रविवार

आजही नाहीत. परतताना दुकानावर गेलो. बसायला पाट दिला, चहा सांगितला, सगळं नेहमीसारखं. कोपऱ्यात छकडा.

कापलाय.

सांगाडा मधोमध कापून अरुंद केला, पुन्हा जोडला. एक पेटी, एक पिशवी मावेल इतकाच. चाकंही बदललीत, रुंद, फटीत माती अडकणार नाही अशी. जोड इतका साफ की बोट फिरवलं तरी लागत नाही. काढलेलं लोखंड भिंतीला टेकवून त्यावर ट्यूबा टांगल्यात.

माझं तोंड बघून म्हणाले, "एकट्यापुरता केला. एसटीत अडचण व्हायची न्हाई आता."

मी चांगला झालाय म्हणालो. चांगलाच झालाय.

१३ ऑक्टो.

बॅग खुंटीला. सकाळी उतरवली, पुन्हा टांगली. तिचा काय दोष. पोरानं मायेनं आणली. विकासचा फोन आला, बॅग कशी काय. म्हणालो, फस्क्लास.

२२ ऑक्टोबर, पाडवा

र.भाई फराळाला आले. दरवर्षी येतात तसेच, नातीला घेऊन. चिवड्यात शेंगदाणे जास्त झालेत म्हणून सुमनची मस्करी केली, तिनंही त्यांच्या ईदच्या शिरखुर्म्याची खोडी काढली. मुदखेडच्या व्याह्यांची गोष्ट सांगितली. फुलांच्या भावाचं बोलले. कापसाचं बोलले.

बंदुकीचं एक अक्षर नाही. मी दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा नातीला पाणी पाजायला उठले.

भांडले असते तर बरं झालं असतं. मी माफी तरी मागितली असती. आता मागू तर कशाची, ते काही म्हणतच नाहीत.

२ नोव्हेंबर, रविवार

आज बोललो. दुकान बंद करायच्या वेळी गेलो. शटर अर्धं खाली, ते आत हात धुवून राहिले होते. मी म्हणालो, रशीदभाई, त्या दिवशी मी ओढायला पाहिजे होता. माझी बारी दुसरी होती.

बराच वेळ साबण चोळत राहिले. ग्रीस काही निघत नव्हतं.

"चिखल व्हता म्हणून मी काय रागावलो न्हाई नामदेवराव. तुम्ही दारात थांबून बघितलं, ते मी बघितलं. हाक मारली असती तर तुम्ही आले असते, हे बी ठाऊक हाय मला. पण आपल्यात हाक मारायची पाळी कधी आलीच नव्हती. मला ती मारताच येईना."

मग त्यांनीच शटर ओढलं, कुलूप लावलं, आणि चला म्हणाले, घरापर्यंत सोडतो. गाडीवर मागं बसून आलो. पाठीमागून त्यांचा खांदा दिसत होता, उजवा जरा खाली. बंदुकीनं झालेला. माझाही तसाच आहे.

घरी येऊन जेवलो नाही. सुमननं जोर केला नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

आमच्या सरावाच्या क्लबच्या सरांनी सांगितलं, राज्यासाठी ज्येष्ठांच्या गटात जागा उरली आहे. ३० ला लातूरलाच एक मॅच ठेवतायत, जे थोडक्यात राहिले त्यांच्यासाठी. मला खेळायचं नाही, माझं झालंय. तिथूनच र.भाईंना फोन लावला. म्हणाले, कळलंय. मी विचारलं, येणार का. म्हणाले, बघू.

मी विचारलं, मी येऊ का सोबत?

"तुमची बारी कुठं हाय तिथं?" म्हणाले. वाकडं नाही बोलले, साधंच बोलले. तेच लागलं.

१६ नोव्हेंबर

र.भाई सरावाला आले. माझ्या आधी येऊन, आधी गेले. छकडा आवाज न करता पळतो आता. डोळ्यात सारखं थेंब घालत होते.

२४ नोव्हेंबर

डोळ्याची तपासणी झाली त्यांची, सुनेकडून कळलं. कडेचं आणखी कमी झालंय, मधलं अजून स्वच्छ. म्हणजे टार्गेट दिसतं, शेजारी कोण उभं आहे ते दिसत नाही.

सुमन म्हणते, जा. बोलावणं कशाला पाहिजे. मी म्हणालो, तेच तर. ती म्हणाली, मग काय तेच तर?

२९ नोव्हेंबर

पक्कं केलं. जातो. त्यांच्या घरी पहाटे जाऊन थांबतो, एका गाडीनं जाऊ. छकडा मी ओढीन, काही न बोलता ओढीन.

३० नोव्हेंबर, रविवार. लातूर

पहाटे त्यांच्या दारात गेलो तर सून म्हणाली, अब्बा कालच गेले. लातुरात मेव्हण्याकडं मुक्काम. सामान काल संध्याकाळीच रेंजवर नेऊन ठेवणार होते, हाताला रात्रभर आराम मिळावा म्हणून. बरोबर केलं. मीही असंच केलं असतं, एकटा असतो तर.

तरी बसलो गाडीत. चाकूरला टायर बसलं, उशीर झाला. जिनिंगच्या फाटकापासून चालत आलो. माती वाळलीय, भेगा पडल्यात. हातात फक्त धपाट्यांची पिशवी.

र.भाई शेडबाहेर लिंबाखाली बूट बांधून बसलेले. शांत होते. नाडीची गाठ मी बघितली, नीट बसलेली. मी जवळ जाईपर्यंत त्यांनी मान वळवली नाही. मी त्यांच्या उजवीकडून आलो होतो, आधी दिसलोच नसेन.

"आलात?" म्हणाले.

आलो म्हणालो.

मी धपाटे घेता का विचारलं. नंतर खातो म्हणाले, आत्ता पोट हलकं पाहिजे. पुकारा झाला. बंदूक उचलली, दोन पावलं गेले, थांबले. छकड्याकडं मान करून म्हणाले, "लक्ष ठेवा जरा. कुत्री हायत हितं."

आत जायला मला मनाई नव्हती. खुर्च्या होत्या. पण लक्ष ठेवा म्हणाले, म्हणून बाहेर बसलोय. मागच्या वेळेला आत बसून काय उजेड पाडला.

इथून फक्त आवाज येतात. पत्र्याच्या आत छर्रा लागल्याचा टप्प आवाज. सुरुवातीला सगळ्या बंदुकांचा एकच गलका. आता एकेक गप्प होत चालली. बाकीचे मारून मोकळे झाले असणार. र.भाई लई सावकाश मारतात. बंदूक उचलतात, मनाला पटलं नाही तर खाली ठेवतात, पुन्हा उचलतात. सर ओरडायचे त्यांना त्यावरून, पण ते काही ऐकायचे नाहीत.

कसं चाललंय कळायला मार्ग नाही. एक पोरगी बाहेर आली, विचारावं वाटलं. नाही विचारलं.

परत जाताना काय करायचं, ते आमचं बोलणं झालेलं नाही. एका गाडीनं का दोन, तेही नाही. ते मेव्हण्याकडं थांबतील कदाचित. छकड्याचा ओढायचा दोर इथं माझ्या पायाशी पडलाय. त्यांनी लक्ष ठेवायला सांगितलंय, तेवढं करतोय.

आता एकाच बंदुकीचा आवाज. त्यांचीच. टप्प. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा टप्प.

आता लांबलं. बंदूक खाली ठेवली असेल, श्वास घेत असतील. वेळ संपल्याचा पुकारा अजून झालेला नाही.