एका कवितेला एक अंगठा

प्रिय ठमे,

एक हलकी, दोन जोरकस. पुन्हा एक हलकी, दोन जोरकस. शाळेतून आलीस की दारावर तू अशीच थाप द्यायचीस. य-मा-ता, य-मा-ता. भुजंगप्रयात मी तुला जेवणाच्या ताटावर चमच्याने वाजवून शिकवला, आणि तू तो बादलीवर, कपाटावर, एकदा तर शेजारच्या काकांच्या टकलावर वाजवून दाखवलास. मी आतून विचारायचो, "कोण आहे?" आणि तू पोक्त बाईच्या आवाजात म्हणायचीस, "ठमाबाई आल्यात. दार उघडा, फार दमल्यात." त्या थापेवरूनच मला कळायचं, आज पेपर सोपा गेलाय की कुणाशी भांडण झालंय.

परवा तू बेल वाजवलीस. चप्पलही काढली नाहीस. कागद हातात दिलास, "सही करून ठेवा बाबा, सोमवारी नेईन," म्हणालीस आणि पाणीसुद्धा न पिता जिना उतरलीस.

कागद टेबलावर आहे. पंख्याने उडू नये म्हणून वर तांब्या ठेवलाय. मी तो इतक्यांदा वाचलाय की एखादी कविता असती तर पाठ झाली असती. 'मी झोपेत असताना माझ्या नातीने माझा अंगठा टॅबवर लावला. या खरेदीची मला काहीही कल्पना नव्हती.' खाली सहीसाठी रेघ. घरातल्या मोठ्या माणसाने परवानगी दिली नसेल तरच टॅबवरच्या खेळात गेलेले पैसे खेळवाले परत करणार, हे तू मला फोनवर समजावून सांगितलंस. ते पैसे कसले होते, हेही मला ठाऊक आहे. मागे तुझ्या शिलाईच्या दुकानात आलो होतो तेव्हा तुझ्या जुन्या ओव्हरलॉक मशीनचा पाय सुतळीने बांधलेला पाहिला होता. नवीन मशीन आलं नाही तर गणवेशांचं काम यंदा दुसऱ्याकडे जाईल. एका सहीवर तुझं वर्ष अडलंय. कळतं गं मला.

पण तुझ्या पिटुकलीचं काय? शाळा सुटली की ती आता माझ्याकडे येत नाही, तुझ्या दुकानात कापडाच्या गठ्ठ्यावर बसते. तिच्याशी कामापुरतंच बोलतेस, असं तूच फोनवर म्हणालीस. "चोरी ती चोरी, बाबा. झोपलेल्या म्हाताऱ्या माणसाचा अंगठा धरते म्हणजे काय! आज तुमचा धरला, उद्या कुणाचा धरेल?" आणि मग तू विचारलंस, "तुम्ही झोपलाच होतात ना?" मी म्हणालो, "हं." एवढंच. तुला ते पुरलं. मला ते अजून गिळता आलेलं नाही.

ठमे, मी जन्मभर डेपोत गाड्या पुकारल्या. फलाट चार, सुटण्याच्या बेतात. माझा आवाज हजारो माणसांनी ऐकला आणि ऐकल्याबरोबर प्रत्येक जण बॅग उचलून पळाला. पुकारणाऱ्याचं नशीबच ते, त्याचं ऐकलं की माणसाने निघायचं असतं. तुझी आई ऐकायची, पण भाजी निवडता निवडता. तू ऐकायचीस, मग तुला मैत्रिणी मिळाल्या. शाळेतल्या सगळ्या कविता माझ्या पोटात तशाच राहिल्या, उन्हाळ्यात गोधड्या पेटीत राहतात तशा. आणि मग दुपारची ही पोरगी येऊ लागली.

टॅब तूच आणून दिलास, औषधं मागवायला, तुझं बँकेचं कार्डही त्याला जोडून. नंबर माझ्या लक्षात राहीना, म्हणून माझा अंगठा त्यात घालून दिलास आणि म्हणालीस, "आता तुम्हीच याची किल्ली." पिटुकलीच्या खेळात एक बेट आहे, त्यावर तिचा पांढरा घोडा. तो सारखा उपाशी असतो. एवढं खादाड जनावर मी पाहिलं नाही! एके दिवशी ती टॅब घेऊन आली. "आजोबा, घोडा उपाशी आहे. अंगठा द्या ना." मी म्हटलं, "आधी कविता ऐक." ती मांडी घालून बसली. पुरी ऐकली. मग मी अंगठा दिला.

तसा आमचा सौदाच ठरला. एका कवितेला एक अंगठा. पुढे पुढे ती आधी अंगठा मागायची आणि मग ऐकायची. डोळे मिटून म्हणायची माझी सवय तुला माहीत आहे. मी डोळे मिटायचो, हात पुढे करायचो. गुडघ्याला तिचा गुडघा लागलेला असायचा. अगं, नदीच्या कवितेत शेवटी नदी समुद्राला भेटते तिथे तिने माझी बाही धरली होती! त्या घटकेला कुणी माझ्याकडे घराची कागदपत्रं मागितली असती तरी दिली असती.

आणि आता जे लिहितोय त्यासाठी तीन कागद फाडून झालेत. मी झोपलो नव्हतो. एकदाही नाही. एकदा तर दुसऱ्या कडव्यात अडलो आणि डोळे उघडले, तेव्हा पडद्यावर आकडा दिसला. खऱ्या पैशांचा. मी तो वाचला. हे काय आहे असं विचारलं असतं तर ती उठून गेली असती, कविता अर्धी राहिली असती. म्हणून डोळे पुन्हा मिटले आणि अंगठा ठेवला.

झोपेची गोष्ट पिटुकलीने रचली. तू माझ्यावर चिडशील म्हणून तिने चोरी अंगावर घेतली. आणि मी, तिचा आजोबा, फोनवर "हं" म्हणालो.

तेव्हा सही होणार नाही, ठमे. कार्ड तू जोडून दिलंस, उपाशी घोडा खेळवाल्यांनी दाखवला, अंगठा मी ठेवला. आणि शिक्षा भोगतेय आठ वर्षांची पोर. मशीनचं मी बघेन. कसं, ते अजून सुचलेलं नाही, पण ते माझ्या माथी. फोनवर माझी जीभ पुन्हा "हं" म्हणेल याची भीती वाटली, म्हणून हे पत्र. माझ्यावर हवं तेवढं रागाव, तिला मात्र हे वाचताच जवळ घे.

थांब. दार वाजतंय.

एक हलकी, दोन जोरकस. एक हलकी, दोन जोरकस. माझ्या हातातलं पेन गळालं. वाटलं, तूच! "कोण आहे?" म्हणत दार उघडलं.

तू नव्हतीस. पिटुकली आहे. एकटी. पाठीला दप्तर, एक मोजा घसरलेला, तोंड उन्हाने लाल. तो मोठा रस्ता तिने एकटीने ओलांडला. तुला फोन लावला, तू उचलत नाहीस, मशीन चालू असणार. हिला ही थाप कुणी शिकवली? मी तर फक्त कविता म्हणत होतो.

बसायलाही तयार नाही. टेबलापाशी जाऊन कोरी रेघ बघितली आणि खाली पडलेलं पेन उचलून माझ्यापुढे धरलं. "करा ना सही, आजोबा. मी आईला सगळं नीट सांगितलंय. तुम्ही घोरत होतात, असंपण सांगितलंय."

पत्र पोस्टात टाकत नाही, सोबतच आणतोय. तिचं बोट धरून दुकानाकडे निघालोय. थाप ऐकलीस की विचार, कोण आहे.

तुझाच, जागा असलेला,
बाबा